झोळीचा खडक

सकाळी निघण्यापूर्वी धाकटीने तीनदा पिशवी तपासली. दोर, शिट्टी, मलमपट्टीचा डबा, गरम पाण्याचा थर्मास, आणि सगळ्यात वर, उकळून कोरडी केलेली दुधाची बाटली. गाइडच्या पिशवीत बाळाची रिकामी बाटली कशाला, असं एखादा पुरुष विचारील. जिचं पाच महिन्यांचं लेकरू अंगावर पितंय आणि जिला दिवसभर डोंगरावर राहायचंय, ती बाई नाही विचारायची. चार-पाच तास झाले की छाती नुसती दगड होते. मग कुठेतरी आडोसा बघून दूध पिळून काढावं लागतं.

लेक सासूबाईंच्या मांडीवर होती. आई बूट चढवतेय हे दिसलं आणि तिचे ओठ थरथरायला लागले. तिचं रडणं सगळ्या गल्लीच्या ओळखीचं. एकदम सुरूच व्हायचं नाही. आधी हुक्. मग परत हुक्. आणि तिसऱ्या खेपेला दम घेऊन भोकाड. तिचा बाप गॅरेजात कामाला. तो म्हणायचा, पोरीचं स्टार्टिंग खराब आहे, दोन किका फुकट जातात.

"आले हं बाळा, आलेच," असं म्हणत धाकटी दाराबाहेर पडली. खरं तर ती संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. पण तान्ह्या लेकराच्या आया हे दिवसातून पन्नास वेळा म्हणतात. न्हाणीतून म्हणतात, दोरीवर कपडे वाळत घालताना म्हणतात. डोकं कुठेही असो, रडू कानावर आलं की जीभ आपली वळते.

त्या गावात बायका गाइड दोनच. थोरली, जिचे केस या डोंगरात पांढरे झाले, आणि ही धाकटी. धाकटीचं कार्ड अजून कच्चं होतं. हंगाम बाळंतपणात गेला आणि कार्डाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. एकटीने एक तुकडी खिंडीतून पलीकडे सुखरूप उतरवायची, तरच पक्कं कार्ड, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुदत वाढवून मागायला गेली तेव्हा गाइडांच्या ऑफिसातला कारकून म्हणाला होता की बाई, डोंगर कुठे पळून जात नाही, आधी पोर मोठं करा. थोरली तिथेच बाकावर बसलेली. तिने शांतपणे विचारलं, "साहेब, तुमची मुलं तान्ही होती, तेव्हा तुम्ही ही खुर्ची सोडली होती का हो?"

त्या सकाळी थोरली ऑफिसच्या पायरीवर वाट बघत होती. बाटलीवर नजर गेली तशी तिने धाकटीला बाजूला घेतलं.

"दूध कुठे काढणार आहेस?"

धाकटी म्हणाली, खिंड ओलांडली की एकच तर मोठा खडक आहे, त्याच्यामागे.

थोरलीचा चेहरा उतरला. तिने जे सांगितलं ते हळू आवाजात, इकडेतिकडे बघत सांगितलं. पूर्वी बायका इथे ओझी वाहायच्या. वाट त्यांना पाठ असायची, पण गाइड म्हणवून घ्यायचे ते पुरुष. अशीच एक बाई पाठीवर लेकरू बांधून यायची. एकदा धुक्यात लोक वाट चुकले, आणि त्यांना दोन पावलं वाट दाखवायला म्हणून तिने खडकाच्या नाकाला झोळी अडकवली. लेकरू रडत होतं. त्याला म्हणाली, आलेच हं. लोक वाटेला लागले. तिला मात्र तो खडक दुसऱ्या दिवशीपर्यंत सापडला नाही. सापडला तेव्हा झोळी रिकामी होती.

"काढायचंच असेल तर काढ तिथे, दुसरा आडोसा नाही, मला माहीत आहे," थोरली म्हणाली. "पण काही ऐकू आलं तर उत्तर देऊ नकोस. एवढंच."

तुकडीत चौघं होते. एक निवृत्त मास्तर, ज्यांना उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं, त्यांच्या मास्तरीणबाई आणि कॉलेजातल्या दोन मैत्रिणी. चढ बरा पार पडला. मास्तर दर वळणावर थांबून झाडांची नावं सांगत आणि मास्तरीणबाई म्हणत, अहो, दम लागलाय तर सरळ तसं म्हणा ना. दोघी मुली हसत. धाकटीही हसली. मनातून तिला वाटत होतं, होईल सगळं नीट. उगाच जीव टांगणीला लावला आपण.

खिंडीत पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. आणि मग पलीकडच्या उतारावरून धुकं वर आलं. भर दुपारी, सगळं पांढरं. सावली नाही, वारा नाही. ओल्या दगडांचा वास, बुटाखाली वाजणारे खडे, बाकी काही नाही. झोळीचा खडक त्या पांढऱ्यातून एकदम समोर आला, पुढे आलेल्या नाकासकट.

तिला छातीतल्या कळा सोसवत नव्हत्या. चौघांना तिने अलीकडच्या बाजूला बसवलं, जागचं हलू नका म्हणून बजावलं, आणि ती मागे गेली. रेनकोटची चेन उघडली, बाटली धरली. थंडीने बोटं बधिर झाली होती. दूध येईना. थेंब, थेंब, बस.

तेव्हा रडू आलं.

तिच्या लेकीसारखं नव्हतं ते. थांबत नव्हतं, दम घेत नव्हतं. एकच बारीक, सरळ आवाज, सुईतून दोरा ओढत राहावा तसा. डोक्याच्या थोडं वरून... जिथे खडकाचं नाक होतं तिथून.

आणि तिला पान्हा फुटला. दोन्हीकडून, एकदम. बाटली भरून वाहिली, हात भरले, दूध दगडावरून खाली ओघळायला लागलं. तिच्या डोक्यात काही नव्हतं. थोरली नव्हती, कार्ड नव्हतं. तोंडातून शब्द निघून गेले होते तेव्हाच तिला ते ऐकू आले.

"आले हं बाळा... आलेच."

रडू थांबलं. मधेच, तोडल्यासारखं. मग त्या शांततेत एक लहानसा आवाज यायला लागला. चुट... चुट... चुट. घाईघाईने. खूप भूक लागलेली असावी तसा.

ती कशी पुढे आली, चेन कधी लावली, तिला आठवत नाही. बाटली तिथेच राहिली. मास्तरीणबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कुणाशी बोलत होता हो तुम्ही?"

धाकटी म्हणाली, कुणाशी नाही, उठा, निघायचंय.

तिने चौघांना दोराला बांधलं. त्या उतारावर वाटेच्या कडेने दगडांच्या चवडी रचलेल्या आहेत. धुक्यात एका चवडीपासून दुसरी दिसत नाही. मग दोर ताणून पुढे जायचं, पुढची चवड हाताला लागली की मागच्यांना बोलवायचं. तोपर्यंत एकही पाऊल जादा टाकायचं नाही. थोरलीने हेच शिकवलं होतं, हात लावल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

तिसऱ्या चवडीपाशी ते रडू परत सुरू झालं. आता डावीकडून. डावीकडे कडा तुटलेला आहे, सरळ खाली. आवाज जवळ होता, हात लांब केला तर लागेल इतका. तिचे पाय तिकडे वळले... दोर ताणला गेला. दोराच्या दुसऱ्या टोकाला चार माणसं होती, आणि कॉलेजातल्या मुलींपैकी एक भीतीने शिट्टीसारखा श्वास घेत होती. धाकटीने ओठ दातांखाली धरले. रक्ताची चव आली तरी सोडले नाहीत. हात पुढे करून पुढची चवड चाचपली. लागली. मग तिच्या पुढची. मागून रडू आक्रसत गेलं, आणि धुक्याखाली उतरल्यावर ऊन लागलं.

जीपमध्ये मास्तर म्हणाले, उत्तम नेलंत बाई, असा गाइड पाहिला नाही. कारकुनाने पक्क्या कार्डावर शिक्का मारला. थोरलीने तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, काही झालं नाही ना? धाकटी नाही म्हणाली. काय सांगणार? कार्ड हातात होतं. ते परत जाईल असं वाटलं तिला.

दिवेलागणीला ती घरी पोचली. लेक निजली होती. सासूबाई म्हणाल्या, आज कमाल झाली, दुपारी बाराच्या सुमाराला खूप रडली, हुक् हुक् करत, आणि मधेच गप्प झाली. दाराकडे टक लावून बघत राहिली, कुणी हाक मारल्यासारखी. तेव्हापासून हूं नाही की चूं नाही, वाटीभर दूधही घेतलं नाही.

धाकटीने तिला उचललं. अंग गार लागलं. लेक जागी झाली, तिने आईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

हुक् नाही. दम घेणं नाही. एकच बारीक, सरळ आवाज.

"अरे वा," तिचा बाप दारातून म्हणाला, "स्टार्टिंग सुधारलं की. कुणी दुरुस्त केलं?"

सासूबाई हसल्या. मुलं वाढतात, म्हणाल्या, आवाज बदलतात. धाकटीने घाईने तिला पदराखाली घेतलं. लेक ओढत राहिली. दूध आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. नर्सबाई म्हणाल्या की कामाला लागलं की असं होतं, काळजी करू नका, बाटलीने पाजा. लेक बाटलीने छान पिऊ लागली. अंग धरलं. फक्त ती कधीच हुक् करत नसे, आणि निजवताना झोळीत घातली की हात ताणून वरची गाठ घट्ट धरून ठेवी.

तीन आठवड्यांनी धाकटी पुन्हा खिंडीत गेली. गळ्यात पक्कं कार्ड, दोरावर सहा माणसं. खडकापाशी थांबायचं नाही असं तिने घरूनच ठरवलं होतं. लेकीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून, डोळ्यांनी बघून निघाली होती. धुकं आलं तरी ती चालत राहिली, वर न बघता.

हुक्.

तिचं पाऊल तसंच राहिलं.

हुक्.

मागचा माणूस म्हणाला, "गाइडबाई, का थांबलात? वाट चुकली का?"

वर, खडकाच्या नाकापाशी, कुणीतरी तिसऱ्या खेपेसाठी दम घेत होतं. आणि तीन आठवडे कोरड्या पडलेल्या छातीवरून, रेनकोटच्या आत, कोमट दूध खाली ओघळायला लागलं.