एकच चहा

उड्डाणाआधी वैमानिकाला एका कागदावर सही करावी लागते: 'माझी पुरेशी विश्रांती झाली आहे.' कॅप्टनची झोप झाली होती जेमतेम तीन तास, तीही हॉटेलात शेजारच्या खोलीत व्हॅक्यूम क्लीनर घरघरत असताना. पण गेल्या महिन्यात त्याने एकदा नकार दिला, तेव्हा साहेबांनी बोलावून हसत हसत विचारलं होतं, "वय झालं का हो?" निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्याने डोळे चोळले आणि सही ठोकली. सहीचं काय, हात सवयीने चालतो.

को-पायलटची त्याहून दैना. घरी सहा आठवड्यांचं बाळ, म्हणून सगळे त्याला 'नवबाप' म्हणत. विमान वर स्थिरावलं तशा त्याच्या पापण्या जड झाल्या.

"पंधरा मिनिटं डोळे मिट," कॅप्टन म्हणाला. "मी आहे."

असा एक जण झोपला की दुसरा जागा आहे ना, हे बघायला केबिनमधून दर वीस मिनिटांनी फोन येतो. ताई, म्हणजे त्या विमानातली सगळ्यांत जुनी हवाईसुंदरी, सरळ तसं विचारत नसे. नुसतं "चहा?" म्हणायची. उत्तर दर वेळी वेगळं हवं, कारण ठरलेलं 'हो' माणूस झोपेतही पुटपुटतो.

"साखर कमी," पहिल्या फोनवर कॅप्टन म्हणाला.

मग ऊन आलं. समोरच्या काचेतून मांडीवर पसरलेलं उबदार ऊन, आणि इंजिनांची ती एकसुरी घुमघुम...

जाग आली ती चहाच्या वासाने. घड्याळ पन्नास मिनिटं पुढे गेलेलं होतं. कॅप्टन ताडकन सरळ बसला. शेजारी नवबाप हनुवटी छातीला टेकून घोरत होता. मागे एकशे चौऱ्याहत्तर माणसं. विमान मात्र आपल्या वाटेवर, आपल्या उंचीवर होतं. रेडिओसुद्धा पुढच्या केंद्राला लावलेला. तो आपोआप बदलत नाही, बोटांनी फिरवावा लागतो.

कॉकपिटमध्ये पाठीमागे तिसऱ्या माणसासाठी घडीची सीट असते, तिच्यावर आज कोणीच बसलं नव्हतं. तिथे एक रिकामा कप होता. कॅप्टनने हात लावून पाहिला. गरम होता.

दुपारी उतरल्यावर, प्रवासी गेल्यावर, त्याने ताईला बाजूला घेतलं.

"तू नंतर फोन केला होतास?"

"केला की. तुम्हीच म्हणालात, दोघांना झोपू दे, मी बघतो. मला एकच चहा दे."

"मी म्हणालो?"

"मला वाटलं, थट्टा करताय... दार किलकिलं करून कप घेतलात ना! कोटाची बाही दिसली. कॅप्टनच्या चार पट्ट्या."

"ताई, आज मी कोट आणलेलाच नाही."

ती त्याच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाकडे बघत राहिली.

तासाभरात त्याच विमानाची परतीची फेरी होती. गेटवर रांग लागत होती. कॅप्टनला आता साहेबांपेक्षा त्या रांगेची भीती वाटली. निवृत्ती गेली खड्ड्यात. ताईला आणि नवबापाला घेऊन तो ड्यूटीच्या खिडकीशी गेला. त्याने ठणकावून सांगितलं, "माझी झोप झालेली नाही. मी सही करणार नाही."

खिडकीतला बाबू गोंधळला. "असं काय करता कॅप्टन? आत्ताच तर देऊन गेलात."

त्याने कागद पुढे सरकवला. सही कॅप्टनचीच होती, शेवटच्या फराट्यासकट. शेजारी कपाच्या बुडाचा गोल डाग, अजून ओला.

"विमानात जाऊन बसतो म्हणालात," बाबू हळूच म्हणाला.

नवबापाने कॅप्टनचं मनगट घट्ट धरलं. ते तिघं तर इथे उभे होते. बाकीच्या हवाईसुंदऱ्या आणि सफाईवालेही केव्हाच खाली उतरले होते. विमानात कोणी नव्हतं.

बाबूसमोरचा फोन वाजला. त्याने ऐकलं, सवयीने "हो, कॅप्टन," म्हटलं, आणि समोर उभ्या माणसाकडे बघता बघता त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कॉकपिटमधून आहे," तो कुजबुजला. "म्हणताहेत... माणसं पाठवा."

काचेपलीकडे गेटचं दार उघडलं होतं आणि रांग पुढे सरकू लागली होती.