दूधभात

साकोलीच्या बसस्टँडमागे धनराजचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या रविवारी दुपारी मी तिथे एकच काम घेऊन गेलो होतो. आमच्या रणगाड्यांच्या खेळाचे नियम एकदाचे ठरवायचे आणि त्यांना स्पायरल बाइंडिंग करून घ्यायचं. हसू नका. चाळिशीतले दोन बाप्ये टेबलावर काडेपेटीएवढे रणगाडे सरकवतात आणि फासे टाकतात, यावर अख्खं साकोली आधीच हसून झालंय.

धनराज माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा जीव नियमांच्या जाडजूड पुस्तकावर. गोळा कुठे लागला, पत्रा किती जाड, सगळं कोष्टकात शोधायचं. एक गोळा झाडायला दहा मिनिटं. मला चार पानांचे नियम आवडायचे. दोन फासे टाका, दहाच्या वर गेलात की समोरचा बाद. वर्षभर आमचं यावरूनच वाजत होतं. शेवटी ठरलं, एकच लढाई दोन्ही नियमांनी खेळून पाहायची आणि मग निकाल लावायचा.

माझ्या सहा रणगाड्यांपैकी एकाच्या पोटावर 'अनुप' असं लिहिलेलं होतं. अनुप माझा धाकटा भाऊ, फौजेत खराखुरा रणगाडा चालवणारा. सुट्टीवर आला तेव्हा त्यानंच तो रंगवला आणि वर आपलं नाव घातलं. आई तेव्हाच बोलली होती, "जित्या माणसाचं नाव खेळण्याले देऊ नये, बाबू." आम्ही दोघेही हसलो होतो. आता तो वाळवंटात सरावाला गेला होता आणि अकरा दिवस त्याचा फोन नव्हता. माझा जीव टांगणीला लागला होता, पण आईसमोर तोंड मिटून होतो.

लाइट गेली होती. उन्हामुळे शटर अर्धं ओढलेलं. आत शाईचा वास आणि घामेजलेला अंधार.

आधी धनराजचं पुस्तक. तिसराच गोळा अनुपच्या गाडीला लागला. धनराजनं कोष्टकावरून बोट फिरवलं. "डिझेलची टाकी... पेटली."

मग माझी चार पानं. पहिल्याच फेकीत बारा, आणि गाडी तीच. मी फासे बदलून पुन्हा टाकायला लावले. पुन्हा बारा.

"जनरेटर लावला का रे कोणी?" मी विचारलं. जळक्या डिझेलचा वास येत होता.

"लावला असन," धनराज म्हणाला. पण आवाज कुठूनच येत नव्हता.

मी पेन घेतलं आणि नियमांच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं, 'अनुप दूधभात.'

दूधभात तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगतो. लपाछपीत एखादं बारकं पोर रडायला लागलं की त्याला खेळात घेतात, पण धरत नाहीत. ते पळतं, ओरडतं, सापडलं तरी बाद होत नाही. त्याच्यावर डाव येत नाही.

"मोठ्या माणसाले दूधभात देते का बे कोणी?" धनराजचा आवाज एकदम खाली आला. "आन् दूधभाताले मोजत नाही... ध्यानात आहे ना?"

"मरत तं नाही ना. टाक."

त्यानं टाकले. बारा. गाडी जिथल्या तिथे उभी राहिली, नियमानं तिला काहीच होणार नव्हतं. मला रडू यायचं बाकी होतं, इतकं हलकं वाटलं.

"तुये किती राह्यले?" धनराज बोट ठेवत मोजू लागला. "...चार, पाच."

"सहा आहेत."

मी मोजले. पाच. डोळ्यांना सहा दिसत होते, बोटांना पाचच लागत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. अनुप.

"दादा..." मागे वाऱ्याचा घोंगाट. "हजेरी झाली. माझं नाव नाही घेतलं."

"राहून गेलं असन, बापू."

"गाडी पेटली आमची. आत तिघं होतो. साहेब म्हणतेत, दोघंच होते... मी रांगेत उभा आहो, दादा. मले कोणी पाहून नाही राहिले."

मी पेनानं ते दोन शब्द खोडायला गेलो. धनराजनं मनगट धरलं. "खोडशीन तं डाव लागू होईन... बारा पडले आहेत त्याच्यावर."

मी पेन खाली ठेवलं. बरं केलं की वाईट, मला आजही सांगता येत नाही.

याला दोन वर्षं झाली. पलटणीला पत्रं धाडली. या नावाचा जवान आमच्याकडे कधी नव्हता, असं उत्तर येतं. फोन मात्र दर रविवारी दुपारी येतो. "दादा, माझा डाव कवा येईन?" एवढंच तो विचारतो. मी म्हणतो, "थांब थोडा."

त्याचा आवाज बारीक येऊ लागला, तेव्हा सुरुवातीला वाटलं, लाइन खराब असेल. मग एकदा आई म्हणाली, "आवाज फुटायच्या आधीचा बोलते रे तो." दिवाळीनंतर तो बोबडं बोलायला लागला.

गेल्या रविवारी शब्दच आले नाहीत. बराच वेळ नुसता श्वास, आणि मग तान्ह्या पोराचं रडणं. आईनं फोन माझ्या कानावरून काढला, छातीशी धरला आणि हळूहळू थोपटू लागली.