भिंतीनं दिलेला वजीर

लिफ्ट बंद पडली म्हणून तो आला, एवढंच खरं. नशिबानं आणलं, योग होता, असलं काही बोलणाऱ्यांनी बोलत बसावं.

तिसऱ्या मजल्यावर बुद्धिबळ मंडळाची खोली. तळाला लाँड्री, म्हणून जिन्यात कायम गरम इस्त्रीचा वास. हातात पाना, कोपरापर्यंत ग्रीस, अशा अवतारात तो ‘लिफ्ट तासभर बंद राहील’ एवढंच सांगायला दारात आला आणि तिथंच खिळला. खिडकीपाशी एक मुलगी खेळत होती. तिच्या नखांत पांढरी भुकटी होती. ती दातांच्या कवळ्या बनवायची, आणि प्लास्टर कितीही धुतलं तरी नखांतून जात नाही. मोहरा ठेवायची तोही असा, की जणू कुणाच्या हिरडीवर बसवतेय. हलका, नेमका, एकदाच.

"वजीर देऊन टाका," तो दारातूनच म्हणाला.

खोलीतली सगळी डोकी वर झाली. चालू डावात बाहेरच्यानं तोंड घालणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

तिनं मान वळवली नाही. "लिफ्टवाले, इथं वजीर देत नाहीत. राखतात."

"राखून राखून काय करता? पेटीतच ठेवायचा होता मग."

"तुम्ही आधी हात धुवून या."

तो खरंच हात धुवून आला. आणि मग दर रविवारी दुपारी येतच राहिला.

मंडळात एक खुळचट नियम होता. मास्तरांनी काढलेला. मास्तर म्हणजे भूमितीचे निवृत्त शिक्षक, मंडळाचे मालक-चालक-झाडूवाले सगळं तेच. त्यांनी प्रत्येकाला एकेक जुना उस्ताद वाटून दिला होता. वर्षभर त्याच्यासारखंच खेळायचं. आपली अक्कल चालवून उस्तादाची रीत मोडली, की त्या दिवशीचे सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. ज्यांना स्वतःचा डाव धड खेळता येत नाही, त्यांनी जगज्जेत्यांच्या नकला करायच्या. एक रोखपाल तर आपल्या उस्तादासारखं कपाळ धरून बसायचा. चाल कधी सुचली नाही, कपाळ मात्र हुबेहूब. हसा खुशाल. पण आपण सगळे दुसरं काय करतो? कुणाचं तरी बघून बोलतो, कुणाचं तरी बघून गप्प बसतो, आणि त्याला आपला स्वभाव म्हणतो.

तिच्या वाट्याला आलेला उस्ताद कधी हल्ला करत नसे. सगळं झाकून बसायचा आणि समोरच्याचा धीर सुटायची वाट बघायचा. म्हणून तिचं नाव पडलं भिंत. लिफ्टवाल्याला मिळाला तो उस्ताद हाती लागेल तो मोहरा उधळून द्यायचा आणि रिकाम्या हातांनी डाव मारायचा. म्हणून तो झाला उधळ्या. उधळ्या दहातले नऊ डाव हरायचा आणि दर वेळी खुशीत असायचा.

"भीती नाही वाटत?" तिनं एकदा विचारलं. तोवर ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं… कधी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"कसली?"

"दिलेलं वाया गेलं तर?"

"द्यायचं ते देऊन मोकळं व्हायचं. सांगत बसायचं नाही. समोरच्याला कळतंच."

"नाही कळलं तर?"

"न कळायला तो काय दगड आहे?" त्यानं तिचा मारलेला उंट उचलून तिच्या तळहातावर ठेवला. हात मात्र लगेच काढला नाही. "बोटं इतकी गार का गं तुझी?"

"प्लास्टर गार असतं."

"आणि तू?"

"मी भिंत. भिंती उन्हात तापतात… आमची खिडकी उत्तरेला आहे."

तो हसला. ती हसली नाही, पण घरी जाताना जिन्याच्या दर पायरीवर तिला ते वाक्य आठवत राहिलं. समोरच्याला कळतंच. हे असलं वाक्य माणूस बोलून विसरून जातो, आणि दुसरं कुणी त्यावर घर बांधतं.

मग त्याच्या कंपनीनं त्याला समुद्रापलीकडे पाठवायचं काढलं. तिकडं टोलेजंग इमारती उठत होत्या, त्यांना लिफ्ट हव्या होत्या. गेला की गेलाच. सोमवारी होकार कळवायचा आणि लगेच निघायचं.

"तुला जायचंय?" तिनं विचारलं.

"कुणी थांब म्हणालं असतं तर…"

"कुणी म्हणजे?"

"कुणीही. मास्तर."

"मास्तरांना विचारू?"

"विचार."

दोघंही हसले. हसण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

घरी आईनं तिचा चेहरा बघून ओळखलं. "अगं, बोल की त्याला. तोंडात काय तुझाच साचा भरून ठेवलायस?"

"तो विचारेल."

"आणि नाही विचारलं तर?"

"वाट बघेन."

"बघ. तुझे बाबाही अशीच वाट बघायचे, बसची. बस समोरून जायची, पण हे हात करायचे नाहीत."

रविवारी शेवटचा डाव. बाहेर आभाळ दाटलेलं, खिडकीच्या काचेवर नुसती झिमझिम. उधळ्यानं पहिल्या काही चालींतच तिला बुचकळ्यात टाकलं. तो काही उधळेचना. प्यादी एकमेकांना चिकटवून, राजा कोपऱ्यात नेऊन, सगळं झाकून बसला. तिच्यासारखा. ती वर बघेल तेव्हा त्याची नजर तिच्याच चेहऱ्यावर. पटावर काय चाललंय, याच्याशी त्याला जणू देणंघेणंच नव्हतं.

तिला कळलं. तो वाट बघत होता. तिच्याकडूनच शिकून तो तिच्याच शब्दासाठी थांबला होता.

‘थांब’ हा शब्द तिच्या घशापर्यंत आला. दोन अक्षरं. मोठमोठ्या जबड्यांचे साचे घेणाऱ्या पोरीला दोन अक्षरं तोंडातून काढता येईनात. मग तिनं तेच केलं, जे तिच्या मते शब्दाहून मोठं होतं. तिनं आपला वजीर उचलला… आणि त्याच्या राजापुढच्या प्याद्याच्या तिरप्या घरात, मारायला अगदी सोपा, असा ठेवून दिला.

द्यायचं ते दिलं. सांगितलं नाही. आता कळेलच.

त्यानं वजिराकडे पाहिलं. मग तिच्या थरथरत्या बोटांकडे. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"अगं…" तो हळूच म्हणाला, फक्त तिला ऐकू जाईल असं. "चुकून गेला ना हात?"

तिनं हात मागे घेतला.

"लक्ष नाही तुझं आज. मी असा घेणार नाही. शेवटच्या दिवशी तुझ्या चुकीवर जिंकून जाऊ मी?" मंडळात चाल परत घ्यायची मुभा कुणालाच नव्हती. त्यानं दिली. वजीर उचलून तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटवली. "चुकूनच ना?"

अजून वेळ होता. ‘नाही’ म्हणायचं होतं, तीही दोनच अक्षरं. पण इतक्या वर्षांची सवय जिभेच्या आधी धावली. झाकायचं, उघडं पडायचं नाही.

"हो," ती म्हणाली.

त्याच्या डोळ्यांतलं काहीतरी विझलं. "बरोबरी?" त्यानं हात पुढे केला.

तिनं हात मिळवला. त्या दिवशी तिची बोटं गार नव्हती. ते त्याच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

तो सगळ्यांना भेटून निघाला. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. त्यानंच दुरुस्त केलेली, आता अडकायचं नावही घेत नव्हती. मेली.

मास्तर पटापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्या मुठीतला वजीर काढून घेतला, पुन्हा त्याच घरात ठेवला आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. "प्याद्यानं हा घेतला, की राजासमोरची वाट उघडी. हत्ती आला, की मात." त्यांनी चष्मा काढला. "पोरी, ही चूक नव्हती."

"नव्हती."

"मग हो कशाला म्हणालीस?"

समोरच्याला कळतंच, म्हणे. नाही कळत. प्रेमानं बघणाऱ्याला तर मुळीच कळत नाही. तो पटाकडे बघतच नसतो. सांगावं लागतं, तोंड उघडून, दात पडले तरी चालतील.

ती उठली. खिडकीतले कप गोळा करू लागली.

"अगं राहू दे," मास्तर म्हणाले. "आज नियम नको."

"रीत मोडली ना मी. वजीर दिला."

"मोडली त्यानंही. भिंत होऊन बसला होता गाढव."

"मग त्याच्या वाट्याचेही मीच धुते," ती म्हणाली, आणि नळ सोडून पाठमोरी उभी राहिली. सगळे कप धुऊन पालथे घातले. एक तेवढा धुतला नाही. ग्रीसच्या बोटाचा काळा ठसा होता त्याच्या कानावर. तो तिनं तसाच, सुलटा, खिडकीत ठेवला.