आठवण काढणं बंद करा

काकांना डायलिसिसला आणलं होतं. सिलतऱ्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून थेट आलेलो, पाय दुखत होते, म्हणून शेजारच्या रिकाम्या पलंगावर बसलो.

"काहून बसले जी माह्या पलंगावर?"

मागे कुमुद उभी होती. पुरानी बस्तीत राहणारी, पोस्टात कामाला.

"नाव लिहिलं आहे का त्याच्यावर?"

"हप्त्यातून दोनदा चार-चार तास देते याले. एवढा वेळ तर लोकं नवऱ्याले देत नाहीत."

मी उठलो. पुढे काकांची पाळी नसली तरी जाऊ लागलो.

"आज काका दिसून नाही राहिले, दिवाकरजी?"

"घरी आहेत."

"मग तुम्ही...?"

"मी— असाच."

"असाच," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून हसली.

सहा महिन्यांनी लग्न ठरलं. तिच्या आईने, वनमालाबाईंनी, मला बाजूला घेतलं. "माह्या पोट्टीचा भरवसा किती दिवसांचा, माहीत आहे ना?" मी हो म्हणालो.

लग्नानंतर डॉक्टरांनी मला समजावलं. किडनी गेली, रक्त सारखं यंत्रातून फिरलं, की शरीराला आतून गंज चढल्यासारखं होतं. हृदय थकतं. त्यासाठी त्यांनी व्हिटॅमिन ईची गोळी दिली. म्हणाले, फायदा किती होईल सांगता येत नाही. मनाने दुसरं काही देऊ नका.

मी लोखंडात काम करणारा. गंज मला कळला. "सांगता येत नाही" हे सहन झालं नाही. मोबाइलवर वाचलं, काही आंबट फळं हा गंज रोखतात. त्यात कमरखाचं नाव होतं, पाच धारांचं, कापलं की चांदणी दिसणारं फळ. रविवारी बाजारातून आणलं. सोमवारी सकाळी तिने दोन खाल्ली.

दुपारी कारखान्यात तिचा फोन.

"अहो— उचकी थांबून नाही राहिली. आठवण काढणं बंद करा."

"नाही करत."

"करा ना जी... पोस्टात सारे हसून राहिले."

"हसू दे."

मी खूश होतो. पाळी संपेपर्यंत खूश होतो.

घरी आलो तर ती मला ओळखेना. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मध्येच शुद्ध आली तेव्हा तीच बोलली, "कमरख. मीच आणलं." डॉक्टर म्हणाले, किडनीच्या रोग्याला ते विष आहे, उचकी लागली तेव्हाच आणायला हवं होतं.

गुरुवारी ती गेली.

वर्षभर वनमालाबाई येईल त्याला सांगत राहिल्या, "पोट्टीचा जिभेवर ताबा नव्हता." मी ऐकत राहिलो. काल वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "आई, कमरख मी आणलं होतं."

त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग विचारलं, "तिले आवडलं होतं का?"

"मीठ मागत होती," मी सांगितलं. "मीठ बंद होतं तिले. मी दिलं नाही."