जिन्याच्या दाराची कडी

“गोष्ट म्हणून सांगा तिला. आपलं म्हणून सांगू नका.”

सासूबाई स्वयंपाकघरात सासऱ्यांना हे म्हणाल्या आणि बाहेर जिन्याच्या दारापाशी उभ्या असलेल्या नव्या सुनेने ते ऐकलं. ती ऐकायला थांबली नव्हती. पंप बंद करायला आली होती. त्या घरात पंपाचं बटण जिन्यात का होतं, हे विचारून काही उपयोग नव्हता. सगळे म्हणत, आधीपासूनच आहे. लग्न होऊन आली त्याच दिवशी ते काम तिच्या गळ्यात पडलं. झोपण्याआधी दार उघडायचं, दोन पायऱ्या उतरून पंप बंद करायचा, वर येऊन दाराला कडी घालायची.

“कडी घातली का गं?” सासूबाई आतून रोज विचारत.

“हो,” ती रोज म्हणे.

त्या एका ‘हो’पायी तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. कडी दाराच्या पार वरच्या टोकाला होती. सासरे ताडमाड, त्यांनी ती आपल्या मापाने ठोकलेली. सुनेने टाचा उंचावल्या तरी बोटं वीतभर खालीच राहत. पहिल्या रात्री, नव्या घरात स्टूल ओढण्याचा आवाज नको म्हणून, तिने कोपऱ्यातल्या छत्रीच्या टोकाने कडी नुसती खुळखुळवली, दार लोटलं आणि ‘हो’ म्हणून टाकलं. दुसऱ्या रात्री खरं सांगावं, तर काल खोटं का बोललीस याचं उत्तर द्यावं लागलं असतं. पुढे तर छत्रीवर हातच बसला.

एरवी सासरबद्दल तिची तक्रार नव्हती. सासूबाई तोंडाने फटकळ, पण मायाळू. खिळ्याला अडकून हिची शाल फाटली. लाजेने ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर तशीच टाकून दिली, तर सकाळी शाल रफू केलेली. नंतर नवऱ्याच्या स्वेटरचं कोपर. मग उशीचा अभ्रा. आभार मानायला सून दोनदा तोंड उघडून गप्प बसली. उलट सासूबाईच एकदा शेजारणीला सांगत होत्या, “आमच्या सुनेचा हात काय बारीक चालतो म्हणून सांगू.” सुनेला वाटलं, काही माणसं असतात अशी. केलेलं दुसऱ्याच्या नावावर टाकून मोकळी होतात.

आजची गोष्ट निराळी होती. डिसेंबरातली शनिवारची रात्र. साडेदहाच्या सुमाराला गल्लीतले दिवे गेले होते. उद्या सकाळी गवंडी येणार होता, जिन्याचं दार काढून तिथे भिंत घालायला. खालचं दुकान मोबाइल दुरुस्तीवाल्याला दिलेलं, येण्याजाण्याला बाहेरचा जिना, पंपाचं बटणही उद्याच आत घ्यायचं ठरलेलं, त्यामुळे आतल्या दाराचं काही अडत नव्हतं. पण जेवताना सून सहज विचारून बसली, “दार का बुजवायचं?” आणि सगळ्यांच्या माना ताटात गेल्या.

म्हणून आता गोष्ट.

मेणबत्तीभोवती सगळे बसले. सासूबाईंनी मांडीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेतला. सासरे भिंतीला टेकले.

“माझ्या ओळखीचा एक लॉन्ड्रीवाला होता…”

“झालं,” दीर म्हणाला. “वहिनी, बाबांच्या ओळखीतली माणसं एकजात कमनशिबी. आमच्याशी तेवढी ओळख नाही हे बरं.”

“ऐकायचं तर ऐक,” सासरे म्हणाले. “त्याच्या बायकोचा मावसभाऊ तुरुंगात होता. खून केलेला. बरीच वर्षं काढली, वागणूक चांगली, पॅरोलवर सोडायला तयार झाले. फक्त कुणीतरी हमी घ्यायची, की हा माझ्या घरी राहील, माझ्याकडे काम करील. तुरुंगात इस्त्री शिकलेला. लॉन्ड्रीवाल्याला हाताखाली माणूस हवाच होता. त्यातून बायको गळ घालून बसलेली.”

“गळबीळ काही घातली नव्हती तिनं,” सासूबाई म्हणाल्या. “एकदा म्हणाली होती.”

“बरं. एकदा म्हणाली होती.”

सून खाली बघत राहिली. खालचं दुकान पूर्वी कसलं होतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. पण शर्टाची घडी सासऱ्यांइतकी चौकोनी घालताना तिने दुसऱ्या कुणाला पाहिलं नव्हतं.

“तो त्याला आणायला गेला. निघताना जेलर म्हणाला, माणूस गरीब आहे, अन्नाला जागेल. एकच सांभाळा. ह्याला कुणी हसलेलं खपत नाही. तो खून त्यावरूनच केला होता. हे लॉन्ड्रीवाल्यानं बायकोला सांगितलं. गल्लीत मात्र सांगितलं, लांबचे पाहुणे आलेत. तेच नाव पडलं. पाहुणा. कामाला वाघ. कॉलरला अशी इस्त्री करायचा, की गिऱ्हाईक आरशात बघून मान ताठ करायचं.

“दुकानात एक रफूवाली बाई यायची. एकटी राहायची मागच्या गल्लीत. हसरी. बोटातलं पितळेचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालतात ती टोपी, कधी काढायची नाही. आली की काउंटरच्या काचेवर वाजवायची, टिक टिक. रफू अशी, की कापडाने विसरून जावं आपण फाटलो होतो. मग स्वतःलाच सापडत नाही म्हणून उलट्या बाजूला निळ्या दोऱ्याचा एक टाका सोडायची. खूण. तिला सांगायला हवं होतं, बाई, ह्याला हसू नकोस. पण ते सांगितलं की का हे सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की दुकान बसणार.”

हे सुनेला चांगलंच कळलं. एक खरं दडवलं की मागे दहा खोट्यांची रांग लागते.

“दिवसा लॉन्ड्रीवाल्याची बायको पाहुण्याला दोन घास जास्तच वाढायची. रात्री म्हणायची, भीती वाटते. जिना दुकानातूनच वर यायचा. म्हणून ह्यानं दाराला आतून कडी ठोकली. स्वतः उंच, तर वरती ठोकली. रोज रात्री घालायचा. खट्ट.”

मेणबत्ती फरफरली. नवऱ्याने पुढे होऊन वात सरळ केली आणि पुन्हा मागे सरकला.

“डिसेंबरातलाच गुरुवार होता. अकरा वाजून गेलेले. खाली पाहुण्यानं एका गिऱ्हाइकाचा कोट घातला. चोरायला नव्हे. नुसता घातला आणि आरशापुढं उभा राहिला. तेवढ्यात रफूवाली कपडे द्यायला आली. तिनं पाहिलं. हसली.”

सासूबाईंनी ढिगातला टॉवेल उचलला.

“वाईट नसेल हसली. छान दिसतंय म्हणून हसली असेल… इस्त्रीची वायर हाताशी होती. तिच्या गळ्याला आवळली. बाई पडली, तो कोटासकट पळाला. पण ती गेली नव्हती.”

सासऱ्यांचा आवाज उतरला.

“वर काही ऐकू आलं नाही. बराच वेळ नाही. मग जिन्यावर पाऊल. थांबत थांबत. मग दार वाजलं. टिक… टिक… हातानं वाजवलं तर असं वाजत नाही. धातूचं काहीतरी. ह्याला वाटलं, तोच आलाय. हातात काहीतरी घेऊन आलाय. घरात तान्हं पोर. ते रडलं तर… बायकोनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.”

सासूबाईंच्या हातातला टॉवेल अर्धवट घडीत थांबला होता. नवरा स्वतःच्या नखांकडे बघत होता. ते तान्हं पोर आज किती वर्षांचं असेल, याचा हिशेब सुनेला करावा लागला नाही.

“हाक नाही मारली तिनं?” सून म्हणाली.

“गळा राहिला नव्हता हाक मारायला… लॉन्ड्रीवाला उठला. दारापाशी गेला. हात वर नेला. कडी गार होती. पलीकडं श्वास. अलीकडं हा. मध्ये बोटभर फळी. टिक… त्यानं हात खाली घेतला.”

दूर कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि थांबलं.

“सकाळी दार उघडलं, तशी ती आत कलंडली. दाराला टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता.”

“पुरे,” सासूबाई म्हणाल्या.

“पुरे कसं? पाहुणा सापडला. कोर्टात लॉन्ड्रीवाल्याची साक्ष झाली. म्हणाला, झोपलो होतो, काही ऐकलं नाही. मग जज्जांनी पाहुण्याला विचारलं, वर माणसं होती, ती खाली येतील असं वाटलं नाही? तो म्हणाला, नाही. ती माणसं दार उघडणार नव्हती. मी रोज कडी ऐकायचो.”

सासऱ्यांनी पाठ पुन्हा भिंतीला टेकली.

“फाशी झाली. अपील फेटाळलं, दयेचा अर्ज फेटाळला. ज्या पहाटे त्याला चढवलं, त्या पहाटे हा जागा होता. मनाशी म्हणाला, चला, फिटलं. आणि त्याच रात्री… टिक.”

“बाबा,” दीर म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “काचेवर तो रोज ऐकायचा ना ते अंगुस्तान? मग त्या रात्री ओळखलं कसं नाही?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नसावं. सासूबाईंनी दिराकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. मग कुणाकडेच नाही.

“लाकडावर वेगळं वाजतं,” सासरे म्हणाले.

…

“असं तो म्हणतो,” त्यांनीच पुढे जोडलं.

“मग पुन्हा टिक वाजल्यावर कधी उघडलं नाही त्यांनी?” सुनेने विचारलं.

“कोणत्या तोंडानं उघडणार? दारावर घोंगडी ठोकली, तरी टिक. दार बदललं, कडी तीच ठेवली, तरी टिक. थंडीत तर रोज. माणूस झोप विसरला.”

“पण आता नाही वाजत,” सासूबाई घाईने म्हणाल्या. “त्यांच्याकडे सून आली, त्या दिवसापासून एकदा नाही वाजलं. पायगुण म्हणतात तो हा.”

“त्या लॉन्ड्रीवाल्याची सून ना, आई?” दीर म्हणाला.

कुणी हसलं नाही.

“थांबलंय तोवर भिंत घालून टाकतो म्हणतो,” सासरे म्हणाले. “उरलेल्या रात्री तरी निवांत जातील.”

सुनेच्या अंगावर शाल होती. गोष्टीत निळा टाका आला, तेव्हापासून तिची बोटं शालीच्या काठाशी चाळा करत होती. आता तिने तो काठ मेणबत्तीजवळ धरला आणि हळूच उलटा केला.

“काय बघतेस?” सासूबाई म्हणाल्या. “तूच तर रफू केलीस ना ती? मी शेजारच्यांना कौतुकानं…”

त्या थांबल्या. सून त्यांच्याकडे बघत होती. ज्या प्रश्नाचं उत्तर सासूबाईंकडे असेल असं तिला महिनोन्‌महिने वाटत होतं, तोच प्रश्न सासूबाईंच्या तोंडावर होता: मग रफू केली कुणी?

निळा टाका. एकच.

सासऱ्यांनी हात पुढे केला. बोट टाक्याजवळ नेलं. तसंच मागे घेतलं.

जिन्याच्या दाराकडे कुणी मान वळवली नाही. सुनेला कळत होतं, आत्ता गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नाही. सकाळी गवंडी येईल, दुपारपर्यंत भिंत उभी राहील, आणि छत्रीचं ते खोटं विटांमागे कायमचं पुरलं जाईल. भिंत झाली की जे बाहेर आहे, ते बाहेर राहील. पण आत असलं तर…

सासऱ्यांचे डोळे तिच्यावर खिळले होते. लॉन्ड्रीवाल्याचे डोळे.

“बाबा, पायगुण नाही हो तो,” ती म्हणाली. “कडीपर्यंत माझा हातच पोचत नाही. मी आल्यापासून ते दार नुसतं लोटलेलं असतं.”