तीन बाह्यांचा कोट

माणसानं लिहावं, लिहू नये असं कोण म्हणतंय? पण लिहिताना दुसऱ्यांच्या डोक्याचा थोडा तरी विचार करावा की नाही! साप्ताहिकात ती गोष्ट सुरू झाली आणि अख्ख्या गल्लीला खूळ लागलं. गोष्ट कसली, नुसता उलटापालटा कारभार. एक शहर, तिथं वेळ म्हणे पुढे जायची सोडून आडवी जाते, आणि आकाशात चंद्र दोन. झालं! रंगाऱ्याने दूधकेंद्राच्या भिंतीवर दुसरा चंद्र काढून टाकला. सलूनवाला अर्ध्या डोक्याला आजचा आणि अर्ध्याला उद्याचा कट मारू लागला. बँडवाल्यांनी गाणी शेवटाकडून सुरुवातीकडे वाजवायला घेतली, तर ऐकणाऱ्यांनी टाळ्या आधीच वाजवून घेतल्या.

एवढंही छोट्या मास्तरने सोसलं असतं. छोटी मास्तर म्हणजे कपडे शिवायच्या दुकानात कटिंग करणारी पोरगी. दुकान तिच्या मावशीचं, पण कात्री हिची. मात्र त्या गोष्टीतली जोडपी कोट घालायची तीन बाह्यांचा — दोघांत मिळून एक, मधली बाही दोघांची. आणि आता एका खऱ्याखुऱ्या जोडप्याने तसला कोट तिच्याकडे शिवायला टाकला होता!

ती डोक्याला हात लावून बसली होती, तेवढ्यात एक चष्मेवाला दारात आला. उंच, केस विस्कटलेले, बोटांना शाई.

"खिसा फाटलाय… पेनांनी."

"ठेवा तिथं. आणि असे इकडे उभे राहा, मला मापाला माणूस हवाय."

तो निमूट उभा राहिला. तिने त्याच्या खांद्यावर अर्धवट टाचलेला कोट चढवला आणि टाचण्या तोंडात धरूनच तोंडाचा पट्टा सुरू केला.

"वाचता का हो तुम्ही ती गोष्ट? नका वाचू. दोघांनी मधल्या बाहीत उजवाच हात घालायचा म्हणे! अहो, शेजारी शेजारी चालताना एकाचा उजवा येतो, दुसऱ्याचा डावा. हा लिहिणारा जन्मात कुणाच्या सोबत चाललेला दिसत नाही."

"नाही चाललो," चष्मेवाला हळूच म्हणाला.

टाचणी तिच्या बोटात घुसली.

"म्हणजे ते… तुम्ही?"

त्याने मान डोलावली. कान लालबुंद. तिला हसू आलं, पण हसेल तर ती कसली!

"बरं सापडलात. लिहिलंय तसाच शिवते, उजव्याला उजवा. आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तुम्हीच घालून दाखवायचा. मग कळेल लेखकरावांना."

खिसा शिवून झाला. पण दुसऱ्या दिवशी लेखकरावांचं बटण तुटलं. मग कॉलर उसवली. मग अस्तर… मावशी बटणांच्या डब्यावरून मान वर न करता म्हणाली, "याचे कपडे फाटतात, की हा फाडतो?"

तो यायचा, स्टुलावर बसायचा, खडूचे तुकडे रांगेत लावायचा. वाफेच्या इस्त्रीने त्याच्या चष्म्यावर धुकं जमायचं आणि तो ते पुसायचाच नाही. तिलाही आता दुपार झाली की दाराकडे बघायची सवय जडली होती. अर्थात, बघायची ती उजेडासाठी!

"त्या दोघांचं पुढे काय होतं?" एकदा तिने विचारलं.

त्याने हातातला खडू खाली ठेवला. "शेवटच्या भागात… मधली बाही कापतात. दोन वाटांना जातात."

"काय म्हणून?"

"मला मोठ्या शहरात नोकरी लागलीय. साप्ताहिकाच्या कचेरीतच. रविवारी निघायचंय. म्हटलं, मग त्यांचं तरी कसं जुळवून ठेवू?"

तिची कात्री कापडात तशीच उघडी राहिली.

"तुम्ही चंद्र लिहिलात, तो भिंतीवर आला. आता कात्री लिहाल, तर गल्लीतली निम्मी जोडपी सोमवारी इथं बाही कापून घ्यायला उभी राहतील. आणि तुम्ही तिकडे! राहावंसं नाही का वाटत?"

"वाटतं ना. पण कुणीतरी 'थांब' म्हणायला लागतं. मला ते कधी… कुणी म्हणालंच नाही."

मशीनवर त्या दिवशी तिचा पाय फार जोरात चालला.

शनिवारी कोट झाला. त्याची फजिती बघायची म्हणून तिने गल्लीकडची खिडकीही उघडी टाकली होती. त्याने त्याच्या बाजूने उजवा हात घातला, तिने तिच्या बाजूने. आणि मग लक्षात आलं, की फजिती झालीय ती तिची! उजव्याला उजवा म्हटल्यावर शेजारी उभं राहताच येईना. दोघं समोरासमोर. बाहीच्या अंधारात शाईची बोटं आणि खडूची बोटं एकमेकांना लागली… आणि कुणीच मागे घेतली नाहीत.

"आता चालायचं कसं?" तिचा आवाज भलताच बारीक झाला.

"मी सरळ चालतो. तुम्ही उलट्या. मी सांगतो तसं."

दुकानभर एक फेरी झाली. "डावीकडे स्टूल… आता सरळ…" मावशी तेवढं बोलली, "इस्त्री तापलीय, तिकडे कडमडू नका."

"चुकलंच माझं," तो पुटपुटला. "डावा हात लिहायला हवा होता. बदलू?"

"खबरदार!"

"उलटं चालताना भीती नाही वाटली?"

"पुढचं तुम्ही बघत होतात ना."

तो थबकला. त्याचा श्वास तिच्या कपाळावर आला. चष्म्यावर पुन्हा धुकं — आणि इस्त्री तर पार पलीकडे होती. उद्या रविवार. तिने बाहीतला हात आणखी घट्ट धरला, मान वर केली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ऐका लेखकराव. तुम्हाला उद्याचं सुचतं, परवाचं सुचतं, दोन-दोन चंद्र सुचतात, समोरचं तेवढं दिसत नाही. त्या जोडप्याला मी दुसरा कोट शिवून देईन, हा आपला. लिहायचं ते इथल्या स्टुलावर बसून लिहायचं आणि टपालाने धाडायचं. ही बाही मी दुहेरी टाक्याने शिवलीय, ती गोष्टीतही कापायची नाही आणि इथंही नाही. तुझ्याएवढा वेडा माणूस मी आजवर पाहिला नाही, आणि मला दुसरा बघायचाही नाही. थांब!"