पांढऱ्या कोंबड्या आणि मानमोडी

कोंबड्यांची पैदास करणाऱ्या संशोधक रोहिणी डुंबरेने अंड्यावर जनुकदिवा धरला. कवच न फोडता आतल्या गर्भाची जनुकं वाचणारं ते मुठीएवढं यंत्र क्षणभर लुकलुकलं आणि हिरवं झालं.

"मादी आहे. काटक निघेल," ती म्हणाली.

ठमाबाई मेंगाळने ते अंडं उबवायला खुडूक बसलेल्या आपल्या गावठी कोंबडीच्या पोटाखाली अलगद सरकवलं.

लेगहॉर्न ही मूळची परदेशी जात. अंडी भरपूर देते, पण आपल्याकडे ती पिंजऱ्यातच जगायची. रोहिणीने पिढ्यांमागून पिढ्या निवडून तिला अंगणात आणलं होतं. या पांढऱ्या कोंबड्या उन्हात चरत, घारीची सावली दिसताच करवंदीच्या जाळीत शिरत. मुख्य म्हणजे, वाड्यावस्त्यांवरच्या कोंबड्या साफ करणारा मानमोडीचा रोग त्यांना होत नसे. खुडूक होण्याचा गुण मात्र रोहिणीने मुद्दाम आणला नव्हता. कारण खुडूक झालेली कोंबडी अंडी देणं थांबवते. त्यामुळे या पांढऱ्या कधी खुडूक होत नसत. उबवण्याचं काम गावठी कोंबड्यांकडेच राहिलं. अकोले तालुक्याच्या डोंगरात, ठमाबाईच्या ठाकरवाडीत पोरांच्या ताटात रोज अंडं येऊ लागलं होतं.

उन्हाळ्यात ठमाबाईचा फोन आला. "ताई, गावठी कोंबड्या माना टाकतायत. तुझ्या पांढऱ्यांना काय बी नाय."

रोहिणी पोचली तेव्हा खुराड्यात उबवणीची कोंबडी मरून पडली होती. तिच्याखालची अंडी गार झाली होती. बाहेर पांढऱ्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या, तुरे लालबुंद. रोहिणीने त्यांच्या घशातले नमुने घेऊन तपासले. प्रत्येकीत मानमोडीचा विषाणू होता. तो त्यांना आजारी पाडत नव्हता. त्यांच्यात सुखाने वाढत होता आणि विष्ठेवाटे अंगणभर पसरत होता.

मानमोडी न होण्याच्या ज्या गुणासाठी रोहिणीची वाहवा झाली होती, त्यानेच हे केलं होतं.

"मावशी, रोग पांढऱ्यांनीच आणलाय," ती ठमाबाईला म्हणाली. "शेजारच्या वाड्यांमधल्या गावठी वाचवायच्या तर पांढऱ्या सगळ्या माराव्या लागतील."

"लस नाय का?"

"लशीने कोंबडी वाचते. पण हा नवा विषाणू तिच्यातूनही पसरत राहतो, आणि डोंगरातली एकूण एक कोंबडी टोचणं होणार नाही."

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बायका आपापल्या पांढऱ्या कोंबड्या पाटीखाली झाकून घेऊन आल्या. कुणी भांडलं नाही, आणि तेच रोहिणीला सोसवेना. तिने हातमोजे चढवले. घरच्या माणसांना सरावलेली ती पाखरं तिच्या हातातही निमूट राहिली. दुपारपर्यंत खड्डा भरला, वर चुना पडला. गावठी आधीच मेल्या होत्या; वाडीत कोंबडीचा आवाज उरला नाही.

निघताना ठमाबाई गाडीपर्यंत आली.

"पुन्हा नवी कोंबडी तयार करशील ना?"

"माहीत नाही, मावशी."

"कर. पण दुखणं आलं तर अंगावर दिसंल, अशी कर. आमाला कळाया तरी पायजे. तशी जमंल का तुला?"

दुखणं अंगावर दिसणारी नेमकी तीच पाखरं रोहिणीने आजवर प्रत्येक पिढीतून वेचून बाद केली होती.